सतरा नंबरचा बिल्ला

"आजोबा, भुताला तिकीट लागतं का हो?"

"हसा लेको. सदतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं मी, मलाही हसूच यायला हवं. पण माझा मेहुणा खोटं बोलत नाही. निदान मला तसं वाटतं.

तो रेल्वेच्या डब्यांचा वायरमन. गेल्या वर्षी सोळा नोव्हेंबरला पहाटे सहलीची गाडी सुटायची होती. पाच डबे नवे, एकशेदहा व्होल्टचे. सहावा जुनाट, ऐनवेळी जोडलेला. त्याच डब्यातून त्याची धाकटी सहलीला जाणार होती. डब्यात दिवेच लागेनात. साहेब म्हणाले, 'शेजारच्या डब्याचा प्लग बसतोय ना? मग जोड आणि मोकळा हो.'

प्लग अगदी नीट बसला.

त्यांच्यात एक नियम आहे. तारांवर काम करणारा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला गाडीला वीज देणाऱ्या, शेडमधल्या मेन स्विचला अडकवतो. बिल्ला आहे तोवर स्विच चढवायचा नाही. आणि ज्याचा बिल्ला, त्यानेच काढायचा.

चार वाजून दहा मिनिटं. पाचला मुलं चढणार. मेहुण्याने आपला बिल्ला काढला, खिशात टाकला. हात वर नेला...

स्विचवर दुसराच बिल्ला होता.

सतरा.

शेडमध्ये तो एकटाच. 'कोण आहे रे कामावर?'

...

जुन्या डब्यात कुणीतरी पक्कड खाली ठेवली."

"मग?"

"गेला. टॉर्च घेऊन. आत कुणी नाही. एका सीटची फळी उघडलेली. स्क्रू ओळीने मांडलेले. खाली जुनी बॅटरी... चोवीस व्होल्टची, एकशेदहा न सोसणारी. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली. त्याने तपासलंच नव्हतं. स्विच चढवला असता, तर तासाभरात आग. म्हणजे मुलं चढल्यावर."

"आणि सहल?"

"प्लग उपटला त्याने. डबा गाडीपासून सोडवला. पोरं पाच डब्यांत दाटीवाटीने गेली. सकाळी म्हातारा चौकीदार म्हणाला, सतरा नंबरचा वायरमन त्याच डब्यात जळाला. वीस वर्षं झाली. बिल्ला त्याच्या गळ्यातच वितळला होता."

"आणि स्विचवरचा?"

"चौकीदाराची चूक असेल. नाहीतर माझ्या ऐकण्यात... काय की. मी स्वतः जाऊन पाहिलंय."

"काय?"

"शेजारी नवा स्विच बसवलाय. जुन्यावर बिल्ला तसाच आहे. काढणार कोण?"