बॉयलरखात्यातला एकतीस नंबर

दार ओढून घ्या आणि बसा. मोबाइल खिशात ठेवा, नाहीतर गोष्ट बंद. आपल्या नवागामच्या भिकनची आहे ही. तिसऱ्या गल्लीतला, ऑफिसांचे फोन दुरुस्त करतो तो. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. खोटी वाटली तर जाऊन विचारा, पण आता तो त्यावर बोलायचा नाही.

साल दोन हजार तेवीस, नोव्हेंबरची सतरा तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी लाभपाचम, म्हणजे दिवाळीपासून बंद असलेल्या मिल आणि पेढ्या मुहूर्त करून उघडणार. कारीगर अजून गावीच, मिलांचं सगळं उधना नुसतं सुनसान. भिकन जेवायला बसतोय तोच कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या मॅनेजरचा, परागभाईचा फोन. ऑफिसातले सगळे फोन बंद पडलेत, सकाळी आठला शेठ येणार, आत्ताच्या आत्ता या. भिकनच्या अगदी जिवावर आलं. पंचावन्न वय, दिवसभरात तीन ऑफिसं केलेली, पाय सुजलेले. त्यात त्या मिलमध्ये जायचं तो टाळायचा. तरी गेला. नाही म्हणणं त्या माणसाला कधी जमलंच नाही.

का टाळायचा, ते ऐका. मिलमधल्या सगळ्या फोनांचा कारभार भिंतीवरच्या एका पेटीतून चालतो. एक्सचेंज म्हणतात तिला. कोणता फोन कुठे वाजायचा, हे तिला एकदा शिकवून ठेवायचं. वीज गेली तरी ती शिकवलेलं विसरू नये म्हणून आत नाण्याएवढी बॅटरी असते. त्या वर्षी जूनमध्येच भिकनला दिसलं होतं की बॅटरी संपत आलीय. परागभाई म्हणाला, दिवाळीनंतर बघू. भिकननेही मग फार ताणलं नाही.

आता बॉयलरखात्यात रात्रपाळीला उखा असायचा. भिकनच्याच गावचा, अमळनेरकडचा. उखाला आकडे ओळखता येत नव्हते. म्हणून भिकनने त्याच्या फोनला, एकतीस नंबरला, अशी सोय करून दिलेली की नुसता उचलला तरी थेट गेटवर वाजेल. आणि बजावलेलं, "उखाभाऊ, काही दाबायचं नाही. उचलायचा आणि थांबायचं."

ऑगस्टात एका रात्री वीज गेली, परत आली. पेटी सगळं विसरली. त्याच रात्री उखाच्या छातीत कळ आली. सकाळी सापडला तेव्हा रिसीव्हर कानाशीच होता. बिचारा सांगितल्याप्रमाणे थांबला होता.

तेराव्याला उखाच्या बायकोने, प्रमिलाबाईने भिकनला विचारलं, फोन जवळ होता ना, मग यांनी कळवलं का नाही? भिकन खरं न सांगताच उठून निघाला. पुढे त्याने पेटीत नवी बॅटरी घातली, आणि शेठने बॉयलरचा फोन काढून वायरच कापून टाकली.

तर त्या शुक्रवारी रात्री दहाला भिकन पोचला. मिलमध्ये गेटवरचा नवा वॉचमन योगेंद्र, तेवढाच. बॅटरी ठणठणीत होती, तरी पेटी कोरी. असं कधी होत नाही. भिकन वैतागला, स्टूल ओढलं आणि एकेक नंबर शिकवत बसला. साडेबारापर्यंत तीस झाले. एकतीस त्याने सोडून दिला.

योगेंद्र आत आला. म्हणाला, काका, गेटवर फोन वाजतोय, उचलला तर कोणी बोलत नाही. पडद्यावर एकतीस येतंय.

भिकनने पेटी उघडली. एकतीसच्या जागी वायर नव्हती. हात लावून पाहिलं. काहीच नव्हतं.

मग टेबलावरचा फोन वाजला.

एकतीस.

योगेंद्र दाराकडे सरकला. भिकनने उचलला.

कोणी बोलेना... पण कोणीतरी होतं. थांबलेलं.

ठेवून द्यावा, असं वाटलं. हात ठेवेना.

"उखाभाऊ..." गावची बोली आपसूक तोंडात आली. "मी भिकन बोली ऱ्हायनू... चूक मनी शे." चूक माझी आहे, एवढंच.

काही नाही.



मग तिकडे कोणीतरी रिसीव्हर खाली ठेवला. हळूच.

भिकन तिथेच बसून रडला. उजाडताच भेस्तानला प्रमिलाबाईच्या दारात गेला आणि सगळं सांगितलं. बॅटरीचं, परागभाईचं, स्वतःचं. तिने खाली बघत ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांनी फोन उचलला होता?"

"हो."

"बरं झालं सांगितलंत, भाऊ. मला वाटायचं, त्यांनी कुणाला हाकच मारली नाही."

साडेसातला भिकन मिलमध्ये परतला. शेठ यायच्या आत पेटीत काय काय शिकवलंय ते एकदा वाचून बघायचं होतं. तीसपर्यंत सगळं बरोबर निघालं. एकतीस कोरा असायला हवा होता. त्याच्यापुढे एक नंबर भरलेला होता, एकतीस उचलताच थेट त्यावर वाजेल असा. गेटचा नव्हता. भिकनचा स्वतःचा मोबाइल, दहाच्या दहा आकडे.

पेटीला काही शिकवायचं तर कोड लागतो, तो भिकनशिवाय कोणाला माहीत नाही.

त्याने तो नंबर खोडला नाही. अजून आहे तिथे.