दादाचा एकही फोटो नव्हता

पासपोर्ट फोटो काढण्यात माझा जन्म गेला. 'हनुवटी वर, खांदे सैल' यापलीकडे माझी कला नाही. पण त्या वर्षी वस्तीच्या मेळ्यात वर्तमानपत्रवाल्यांसारखे फोटो काढून बघावेत असं मनात आलं. थोरला भाऊ तसेच काढायचा. कोणाला उभं करायचं नाही, हसवायचं नाही, घडतंय ते घडू द्यायचं. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचाच कॅमेरा मी वहिनीकडून मागून घेतला.

देताना ती म्हणाली, "भाऊजी, मला त्यांचा चेहरा आठवेनासा झालाय."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरातच. गावभर फोटो काढत फिरणाऱ्या माणसाचा घरात एकही फोटो नव्हता. लग्नाचा अल्बम होता, तो माझ्या स्टुडिओला लागलेल्या आगीत गेला.

चौकात बँड वाजत होता, तळणाचा वास सुटला होता आणि रस्सीखेच रंगात आली होती. मी कॅमेरा लावला आणि सवयीने बोलून गेलो, "इकडे बघा." जित्याची खोड! त्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेलं नाही.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो बघितला. सगळ्यांचे डोळे दोरावर होते. पलीकडे भिंतीपाशी मात्र एक माणूस थेट माझ्याकडे तोंड करून उभा होता, डोळ्याला कॅमेरा लावून. मान वर केली तर तिथे नुसती भिंत. पुढच्या फोटोत तो थोडा जवळ आला होता, त्याच्या पुढच्यात आणखी. डावा खांदा उतरता, कोपर बरगडीला टेकलेलं. ते उभं राहणं मी कुठेही ओळखलं असतं. पळावंसं मात्र वाटेना. भीतीहून मोठं काहीतरी समोर उभं होतं आणि मला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटत होते.

मी घरी जाऊन वहिनीला घेऊन आलो. तोवर दिवस कलला होता, बँडवाले सामान बांधत होते. फोटो दाखवले, ती भिंत दाखवली. ती भिंतीकडे वळली. मग अगदी हळू म्हणाली, "अहो... तो कॅमेरा जरा खाली घ्या ना..."

मी बटण दाबलं.

फोटोत कोरी भिंत आली. पण त्याच्यापुढे आणखी एक फोटो होता, मी न काढलेला. त्यात समोरून आम्ही दोघं होतो. मी कॅमेऱ्याआड, शेजारी वहिनी. ती हसत होती. समोरच्याने कॅमेरा बाजूला केल्यावर आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, तशी तिची नजर किंचित वर होती.

मी वळलो. ती अजून भिंतीकडेच बघत होती.

"दिसला... दादा?"

तिने मान डोलावली.

"केस पिकलेत हो त्यांचे, भाऊजी..."