लातूरहून आलेला इंडिकेटर

"मॅडम, मिस्त्री कुठं गेलेत?"

वर्षाराणीनं कुणाच्या तरी जीपच्या डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढलं. नांदेडला लातूर फाट्यावरच्या दुकानाला 'वर्षाराणी ऑटो इलेक्ट्रिकल्स' असा हातभर बोर्ड होता, तरी दर दुसरं गिऱ्हाईक हेच विचारायचं.

"तुमच्यासमोरच हायत. बोला."

तो कानापर्यंत लाल झाला. नाव वीरेश. औशाचा, लातूरला विमा कचेरीत नोकरी, कामासाठी नांदेडला आलेला. जुन्या कारला त्यानं हौसेनं स्वतःच एलईडी इंडिकेटर बल्ब बसवले होते, आणि तेव्हापासून इंडिकेटर दिला की तो नुसता टिकटिकटिक पळत सुटायचा.

"सिग्नलला लोकं बघून हसून राहिलेत," तो म्हणाला.

"हसतीलच की! एलईडी करंट कमी ओढतं. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या तुमच्या जुन्या फ्लॅशरला वाटतं, बल्बच गेला. म्हणून घाबरून पळतो बिचारा."

"मग त्याला समजवायचं कसं?"

"समजवायचं न्हाई… बदलायचं."

ती हसली. आपण गिऱ्हाइकासमोर जरा जास्तच हसलो, असं तिला मागाहून वाटलं.

एलईडीला चालणारा नवा फ्लॅशर दहा मिनिटांत बसला. टिक… टिक… टिक. कसा शहाण्यासारखा! जुना तिनं कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. काढलेला पार्ट गिऱ्हाइकालाच परत द्यायचा, हा तिच्या वडिलांचा, आप्पासाहेबांचा शिरस्ता. त्यांची नजर अधू झाली आणि शिरस्त्यासकट दुकान तिच्याकडे आलं.

पुढच्या शनिवारी भरदुपारी तीच कार पुन्हा दारात.

"परत पळून राहिलाय," वीरेश म्हणाला.

वर्षाराणी चक्रावली. तिचं काम असं उलटत नसे. तोंड पाडून ती डॅशबोर्डखाली शिरली… आणि तिथंच थबकली. तिचा नवा फ्लॅशर जागेवर नव्हताच. तिथं जुनाच बसला होता, कोपरा उडालेला, तिनंच कागदात गुंडाळलेला.

"हा काय स्वतः चालत आला इथं?"

वीरेशनं रस्त्याकडं पाहिलं, मग बुटांकडं. "न्हाई… मीच बसवला."

"का?"

"नवा लई चांगला चालत होता. मग इथं यायला कारण काय सांगणार?"

लातूरहून एवढा रस्ता कापत, मुद्दाम बिघडवलेली गाडी घेऊन! तिला गोड वाटलं, अगदी मनापासून गोड वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. आजवर तिला बघायला तीन स्थळं आली होती. तिघांनीही पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत विचारलं होतं, लग्नानंतर दुकान बंद ना? तिन्ही वेळा तिनं ठणकावून नकार दिला होता. पण यानंही तेच विचारलं तर… या वेळी तिला तेवढं ठणकावता आलं नसतं.

म्हणून तिनं स्वतःच तुकडा पाडला. "हे बघा, मी दुकान सोडणार न्हाई. लातूरला तर न्हाईच येणार. उगंच कारणं शोधू नका."

"सोडा असं कोण म्हणालं?" तो गोंधळला. "मी तर नांदेडला बदलीचा अर्ज टाकलाय. आईलाबी सांगितलं, पोरगी दुकान चालवती आणि चालवणारच."

"आईला?" वर्षाराणीच्या हातातला टेस्टर खाली पडला. "मग… काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, तिला इचारलास का? मी म्हणलं, न्हाई. तर म्हणाली, मग मला काय सांगून राहिलास? जा की तिकडं!"

तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणी का आलं तेही कळेना. ते तिनं काळ्या बोटांनी पुसलं आणि गाल काळा करून घेतला.

"मग… इचारा की. आलाव एवढ्या लांब तर."

वीरेशनं घसा साफ केला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, ट्रक जाईपर्यंत तो थांबला. मग त्यानं विचारलं, सरळ, तिच्या डोळ्यांत बघून.

"हाव," ती म्हणाली. पण इतक्या हळू, की त्याला ऐकूच आलं नाही. मग तिला तो शब्द पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणावा लागला, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तो तिला आणखीच आवडला.