तिसऱ्या कॉफीनंतर

बोस्नियातल्या कोन्यित्स गावच्या दगडी पुलावर अल्मासाने त्या परक्या माणसाला थांबवलं, ते फक्त एवढं सांगायला की, "अहो, तुमच्या पिशवीतून छिन्न्या पडताहेत!"

पण ती पडली बोस्नियाची पोर. अगदी जवळ गेल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही. आणि तो फिनलंडचा. दोन हात अंतर असल्याशिवाय त्याला श्वास घेता यायचा नाही. ती एक पाऊल पुढे, तो एक पाऊल मागे... असं करत दोघांनी अख्खा पूल ओलांडला. पलीकडचा बेकरीवाला आजही शपथेवर सांगतो, उलट्या पावलांनी दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला पाव विकला तो त्याच दिवशी.

"मला घाबरता की काय?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने — "थोडासा."

त्याचं नाव ओस्मो. लाकडावरची नक्षी शिकायला आला होता, आणि शिकवणारा निघाला अल्मासाचाच बाप. मग काय! तीन महिने दोघं एकाच बाकावर अक्रोडाच्या फळ्या कोरत बसले. ती दिवसाला हजार शब्द बोलायची, तो अकरा. पण त्या अकरांत एखादा असा यायचा, की तिची छिन्नी घसरायची. एकदा तिच्या रुमालाकडे बघत तो म्हणाला, "हिरवा..." बस्स! आठवडाभर तिने दुसरा रुमाल डोक्याला लावला नाही.

आता शनिवारी तो परत जायचा होता, आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हता.

"गुरुवारी घरी ये," तिने बजावलं. "आईसमोर चार शब्द बोल. ती म्हणते, मुका जावई नको, घराचं कबरस्तान होईल."

गुरुवारी ओस्मो आला. आईने खिमा भरलेलं खुसखुशीत बुरेक वाढलं. त्याने चार तुकडे खाल्ले आणि हूं की चूं केलं नाही. त्याच्या मुलखात चांगल्या जेवणावर गप्प बसणं हीच दाद. अल्मासाच्या आईच्या, म्हणजे हाय्रियाबाईंच्या घरात गप्प बसणं म्हणजे मीठ जास्त झालं.

पहिली कॉफी आली, स्वागताची. दुसरी आली, गप्पांची. त्या एकट्या बाबोंनी, म्हणजे अल्मासाच्या बापाने मारल्या. मग आई ताडकन उठली आणि तिसरी घेऊन आली. तिसरी म्हणजे सिक्तेरुशा! अख्ख्या बोस्नियात तिचा अर्थ एकच — प्या आणि निघा. आता हा उठला, की या दारात पुन्हा त्याचं पाऊल पडायचं नाही.

ओस्मोने कॉफी संपवली. "छान," म्हणाला. आणि बसून राहिला.

आईने चौथी ओतली. चौथीला तर नावसुद्धा नाही! त्याने तीही प्यायली. पाचवी. सहावी. तांब्याचं भांडं लालबुंद झालं, डब्यातली पूड संपली, शेजारणीकडून आणावी लागली.

"अहो, हा उठत का नाही?" आई बाबोंच्या कानाशी कुजबुजली — पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल इतकंच हळू.

"उठवू नकोस गं! तीस वर्षांत मला वाक्य पुरं करू देणारा पहिला माणूस आलाय घरात."

सातव्या कपानंतर अल्मासाने त्याला ओढतच अंगणात नेलं.

"वेड्या, तिसरी कॉफी म्हणजे 'चालता हो'! कुणी सांगितलं नाही तुला?"

"सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. बाबोंनी."

"मग उठला का नाहीस?"

ओस्मोने झाडाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उठलो असतो... तर जावं लागलं असतं."

"आणि शनिवार?"

"तिकीट परत केलं. सोमवारी."

"सोमवारी! आणि मला आज सांगतोस? अरे, मनातलं बोल की एकदा!"

"बोललो."

"कधी?"

"सात कप."

अल्मासाच्या हजार शब्दांपैकी एकही जागेवर सापडेना. तेवढ्यात खिडकीतून आई ओरडली, "सगळं ऐकलं मी! बुरेक कसं झालं होतं, तेवढं विचार त्याला!"

ओस्मो खिडकीकडे वळला. "इतकं चांगलं... आयुष्यात खाल्लं नव्हतं."

खिडकी लागली. आपटून नव्हे, हळूच.

अल्मासाने त्याच्या छातीवर हात ठेवला. आत नुसता ढोल वाजत होता.

"हे माझ्यामुळे, की कॉफीमुळे?"

खोटं बोलणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. त्याने बराच विचार केला.

"निम्मं-निम्मं."

"असं?" ती खुदकन हसली. "मग उद्या बिनकॉफीचा ये. पुन्हा मोजते."