सोफ्याखालचं प्रेम

चित्रपट बोलू लागला आणि मानवजातीच्या इतिहासात नवं पर्व सुरू झालं. हे पर्व एका स्टुडिओत तीन दिवस एकाच वाक्यावर अडकून पडलं होतं.

"मला तुमच्याशिवाय करमत नाही."

नाटकाच्या दोनशे प्रयोगांत नायिकेनं हे वाक्य बिनचूक म्हटलं होतं. फक्त दर वेळी विंगेतून प्रॉम्प्टरनं ते आधी कुजबुजलं होतं. नाटकाचा बोलपट करताना दिग्दर्शकानं, म्हणजे तिच्या सख्ख्या मामानं, सगळी मंडळी घेतली. प्रॉम्प्टर तेवढा गाळला. भाचीची दातखीळ बसली.

चौथ्या दिवशी तिनं प्रॉम्प्टरला गुपचूप सोफ्याखाली दडवलं. वाक्य फर्डं आलं. तेवढ्यात रेकॉर्डिस्ट कानावरचे हेडफोन काढत केबिनबाहेर आला.

"मामा, सोफ्याखालून कुणीतरी प्रेम करतंय."

"काय?"

"बाईंच्या आधी. आणि बाईंपेक्षा बरं."

मामा वाकले. "मास्तर, या बाहेर. घरी जा. आणि तू गं, संध्याकाळपर्यंत एकटीनं म्हटलं नाहीस, तर उद्या ही भूमिका दुसरीची."

तिचे डोळे भरले. प्रॉम्प्टर कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाला, "मी कॅमेऱ्याखाली बसतो. नुसते ओठ हलवीन."

"मग ही माझ्याकडे कधी बघणार?" नायकानं विचारलं.

"दोन वर्षं बघितलं की! काही उपयोग झाला?" मामा म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला. तिनं खाली पाहिलं. हा माणूस तिला इतके दिवस फक्त कानानं ठाऊक होता; नीट असा ती आज प्रथमच बघत होती. कपाळावर सोफ्याखालचं कोळ्याचं जाळं, एक भुवई वर… आणि ओठ मिटलेलेच. तो नुसता बघत राहिला होता.

मग तिनं ते वाक्य म्हटलं. एकटीनं. अगदी हळू.

"पास!" मामा ओरडले. मंडळी चहाला पळाली. ती थांबली.

"ओठ का नाही हलवलेत?"

"विसरलो."

"दोनशे प्रयोगांत कधी विसरला नाहीत!"

"तेव्हा विंगेतून तुमची पाठ दिसायची…"

"मी ते कुणाला म्हटलं, कळलं का?"

"नायकाला. संहितेत तसंच—"

"मास्तर!"

तो गडबडला. "मलाही… करमत नाही. तुमच्याशिवाय."

"हे कुणी सुचवलं?"

"कुणीच नाही हो."

ती त्याच्यासमोर ओणवी झाली, इतकी जवळ की त्याच्या कपाळावरचं जाळं तिच्या श्वासानं हललं.

"एक विनंती होती," तो कुजबुजला.

"बोला ना…"

"जरा हात द्या. दोन्ही पायांना मुंग्या आल्यात."