सुनीतीच्या हातावरचं दही

मी मराठी चौथी नापास. तरी नेरूळच्या आमच्या सोसायटीत आजवर मला कुणी बनवलेलं नाही, दूधवाल्यानंसुद्धा नाही. तेव्हा मला भास झाला असं कुणी म्हणू नये.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. माझी सुनीती बी.एस्सी. झाली होती आणि तिला एम.एस्सी.ला जायचं होतं. त्याची प्रवेश परीक्षा आदल्या वर्षी तिनं घालवली. येत नव्हतं म्हणून नव्हे. हॉलमध्ये हात कापायला लागले आणि कोरा पेपर ठेवून घरी आली. "यंदा शेवटचं. नाहीतर चिपळूणचं स्थळ," असं आमच्या ह्यांनी सांगून टाकलं. हे रबाळ्याला कारखान्यात फोरमन. शब्द फिरवत नाहीत.

मग क्लासच्या सरांनी तिला टेन्शनवर उपाय दिला. रोज सकाळी बरोबर दहाला खोलीचं दार लावून डोळे मिटून बसायचं. आपण हॉलमध्ये शिरलो, हा आपला बाक, हा आपला नंबर, समोर पेपर. एक वाजेपर्यंत उठायचं नाही.

"ह्यानं काय होतं?" मी विचारलं.

"मनाला सवय होते, आई. मग भीती वाटत नाही."

"डोळे मिटून पास होता आलं असतं, तर मी आज कलेक्टर असते."

पण परीक्षेला निघालेलं माणूस माझ्या घरातून हातावर दही-साखर घेतल्याशिवाय जात नाही. खोटी परीक्षा का असेना! रोज मी तिच्या उजव्या तळहातावर दही घालायची. ती चाटायची, "येते गं" म्हणायची आणि चार पावलांवरच्या खोलीत जाऊन कडी लावायची.

पंधरा दिवसांत तिचे हात कापायचे थांबले. पोटभर जेवायला लागली. मला बरं वाटायला हवं होतं. पण एकला बाहेर आली की तिच्या ओढणीला खडूची धूळ असायची. अंगठ्याला निळी शाई. आमच्या घरात शाईचं पेनच नव्हतं. कुणा पोराला भेटायला जाते की काय? पण घर दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला गज.

एक दिवस झाडताना खाटेखाली पांढरे दोरे सापडले. वीतभर लांब, टोकांना पत्रा. म्हटलं, कुणीतरी गंडादोरा केला. तिची मैत्रीण वैशाली आली, तशी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"खरं सांग, कुठल्या बुवाचा हा?"

"काहीतरीच मावशी! पुरवणी बांधायचा दोरा हाय तो." ती हसली. मग हसायची थांबली. "पण हे हॉलमध्येच देतात हो."

परीक्षेच्या दिवशी हातावर दही घेऊन सुनीती ह्यांच्याबरोबर सातच्या बसनं मुंबईला गेली. मी तांदूळ निवडत बसले. दहा वाजले.

खोलीची कडी आतून लागली.

मी दार ढकललं. हललं नाही. आत बाक सरकला. मग कागदांची सळसळ, थांबून थांबून.

बाराच्या सुमाराला सुनीतीचा आवाज आला, अगदी शांत. "सर, एक पुरवणी."

एकला कडी निघाली. आत कुणी नव्हतं. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

चारला दोघं परत आली. ह्यांचं तोंड उतरलेलं.

"हिला आत घेतलंच नाही. हिच्या नंबरावर आधीच एक पोरगी बसलेली. सही, हॉल तिकीट, सगळं बरोबर आहे म्हणे."

"दारातून तोंड दिसलं नाही, आई," सुनीती म्हणाली. "पेपर घेण्याआधी तिनं तळहात चाटला."

महिन्याभरानं यादी लागली. सुनीतीचं नाव दुसरं. "त्यांना त्यांची चूक कळली असणार," म्हणत ह्यांनी पेढे वाटले. मीही पेढा तोंडात टाकला. बोलले असते तर चिपळूण. नाव माझ्या पोरीचं, तर जागाही माझ्याच पोरीची. सुनीतीचे हात मात्र पुन्हा कापायला लागले होते.

प्रवेश घ्यायच्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली. न्हाणीत पाणी वाजत होतं. मी वाटीत साखर ढवळत होते.

खोलीचं दार थोडंसं उघडलं.

फटीतून हात बाहेर आला. उजवा, तळवा वर केलेला. अंगठ्याला शाई. जराही कापत नव्हता.

वाटीत दही एकीपुरतंच होतं.