दिवसा झोपणाऱ्या घरातलं समुद्रफूल

"चपला हातात घे. आणि श्वासपण हळू घे," ताई कुजबुजली.

सुट्टीत मावशीकडे गेलात की धमाल येईल, असं आईने सांगितलं होतं. आईचं काय जातंय सांगायला! मावशी होती रात्रपाळीची नर्स. सकाळी दमून यायची आणि बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर आडवी व्हायची, कारण आतली खोली दुपारी भट्टीसारखी तापायची. त्यामुळे दिवसभर मोठ्याने बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, आणि शिंक आलीच तर पळत मोरी गाठायची. कुजबुजून कुजबुजून तिघांचेही घसे बसले होते. तिघं म्हणजे ताई, ऊठसूट उलटतपासणी घेतो म्हणून 'वकील' नाव पडलेला तिचा भाऊ आणि सगळ्यात धाकटी पिल्लू.

मावशीच्या कॉटसमोर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तिच्यात केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणि एक समुद्रफूल. म्हणायला फूल, पण तो जिवंत प्राणी. बोटांसारख्या असंख्य शुंडा हलवत खडकाला चिकटून बसणारा. सध्या मात्र त्याची रया गेली होती. तपकिरी रंग उडून ते पांढरंफटक पडलं होतं आणि खडक सोडून एका कोपऱ्यात काचेला चिकटलं होतं.

"पाणी तपासलं, बदललं, दुकानदाराने दिलेलं औषधही घालून झालं," मावशीने आदल्या संध्याकाळी वेणी घालता घालता सांगितलं होतं. "रविवारी तो येऊन टाकी घेऊन जाईल."

"सगळी? माशांसकट?" पिल्लूने विचारलं.

"सगळी. रात्रभर वॉर्डात माणसं सांभाळायची आणि घरी येऊन हेही माझ्याच हातून मरताना बघायचं. एवढं बळ नाही गं उरलं."

वेणी अर्धीच राहिली आणि मावशी टाकीकडे बघत बसली. वकिलाला मात्र प्रश्न सुचला.

"ते खातं काय?"

"कधीमधी कोळंबीचा तुकडा. पण त्याचं खरं पोट भरतं उजेडावर. त्याच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि यालाही वाटा देतं. म्हणून तर हा दिवा. सकाळी आपोआप लागतो, संध्याकाळी विझतो."

आणि आज, पाण्याची बाटली घ्यायला तिघं पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत आली, तर टाकी होती काळोखात! वर जाड घोंगडी आणि दिव्याची पिन बाहेर काढलेली. एका बाजूला घोंगडी आखूड पडली होती. तेवढ्या फटीतून खिडकीतला उजेड आत शिरत होता आणि समुद्रफूल बरोबर त्या उजेडात बसलं होतं.

"उपाशी आहे ते," ताई म्हणाली.

"पुरावा?" वकील.

त्यांनी घोंगडी अलगद सरकवली आणि फट दुसऱ्या कोपऱ्याकडे नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर घोंगडी पुन्हा जुन्यासारखीच पडली, तेव्हा त्यांनी फट पुन्हा तिकडेच नेली. दुपारी येऊन बघतात तर समुद्रफूल जुना कोपरा सोडून नव्या फटीच्या दिशेने अर्ध्या वाटेवर पोचलेलं. पिल्लू किंचाळणारच होती, ताईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

आता घोंगडी घालतं कोण, एवढंच शोधायचं होतं. त्याला फार अक्कल लागली नाही. मावशीचा डोळा लागला की तिचे यजमान, म्हणजे खाली शिवणकामाचं दुकान चालवणारे काका, मांजराच्या पावलांनी वर यायचे, आणि ती उठायच्या आत सगळं जागच्या जागी करून जायचे. तिघांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"तो निळा उजेड तिच्या तोंडावर यायचा रे," काका म्हणाले. "आधीच बिचारीला झोप नाही."

"कधीपासून करताय हे?" वकिलाने विचारलं.

"रात्रपाळी लागल्यापासून."

"मग मावशीला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, असू दे उजेड. आणि रोज नुसती कूस बदलत पडली असती."

मग वकिलाने पुरावे मांडले. काका पायरीवर बसून ऐकत गेले. त्यांचं वय तसं दमायचंच होतं, पण आज ते फारच दमलेले दिसले. तिघांनाही त्यांची दया आली.

"म्हणजे मीच उपाशी मारत होतो त्याला."

"त्यालाही रात्रपाळी लावा की," वकील म्हणाला. "टाकीत बसून त्याला काय कळणार बाहेर दिवस आहे की रात्र! संध्याकाळी दिवा लावायचा, मावशी सकाळी येऊन झोपली की घोंगडी."

"पण आधी मंद लावा," ताई म्हणाली. "उपाशी माणसाला कुणी एकदम भरपेट वाढत नाही."

मावशी उठल्यावर काकांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. आता कडाडणार म्हणून मुलं दाराआड उभी राहिली. पण मावशीने चिमट्यात कोळंबीचा इवलासा तुकडा धरून पाण्यात नेला. शुंडा थरथरल्या आणि सावकाश, फारच सावकाश त्यांनी तो तुकडा ओढून घेतला.

मावशीने ओल्या हातानेच दुकानदाराला फोन लावला. "रविवारी येऊ नका," एवढंच म्हणाली. मग तिघांना जवळ घेतलं. "रात्रभर रोगी बघते मी, आणि माझ्याच घरातल्याचं दुखणं तुम्ही ओळखलंत. शाब्बास रे."

त्या संध्याकाळी कामावर निघताना तिने दिवा मंद करून लावला आणि काकांना म्हणाली, "मी येईपर्यंत हा बंद करू नका. सकाळी घरी आल्यावर कुणीतरी जागं दिसू दे मला."